ठोकळ्यांना हात लावला नाही

देवमनभाऊंनी सोन्यासारखी नोकरी सोडून अकोल्यात मास्तरकी का धरली, याचं आमच्या जुन्या दवाखान्यातल्या लोकांना अजून कोडं आहे. कोणी म्हणतं डॉक्टरांशी वाजलं. कोणी म्हणतं दुसऱ्यांची डोकी तपासता तपासता त्यांचंच डोकं फिरलं. हे ऐकलं की माझा संताप होतो. खरं कारण मला ठाऊक आहे, आणि ते सांगायला मला तोंड नाही. म्हणून लिहितो.

देवमनभाऊ तिवश्याकडचे. बाप दुसऱ्याच्या वावरात सालदार, आई चतुराबाई निंदणाला जाणारी. छप्पन साली कॉलेजात असताना ते नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. पुढं मानसशास्त्र घेऊन एम.ए. झाले. एकसष्ट साली अमरावतीत एका ट्रस्टच्या दवाखान्यात मेंदूच्या रोग्यांसाठी वेगळा विभाग निघाला, तिथं सहायक मानसशास्त्रज्ञ म्हणून लागले. मी त्या विभागाचा टायपिस्ट, वामनराव. घरची काळी जमीन आणि मॅट्रिकचं सर्टिफिकेट, एवढ्या भांडवलावर मी स्वतःला फार शहाणा समजत असे.

विभाग म्हणजे काय, तर विलायतेहून शिकून आलेले डॉक्टर, बारा खाटा आणि व्हरांड्याच्या टोकाला पडदा लावलेली एक खोली. डोक्याला मार लागलेले, फिट येणारे, ताप मेंदूत गेलेले रोगी यायचे. कवटीच्या आत डोकावून पाहणारं यंत्र काही नव्हतं. मेंदूचं काय शाबूत आहे आणि काय गेलं, ते माणसाकडून कामं करवून घेऊनच ठरवायचं, आणि ते काम देवमनभाऊंचं. ते आकडे म्हणून दाखवायला लावत. एक छोटी गोष्ट सांगून ती परत विचारत. पेन्सिलीनं आकृती काढायला देत. शेवटी ठोकळे. सोळा लाकडी ठोकळे, काही बाजू लाल, काही पांढऱ्या. चित्रातली नक्षी पाहून तशीच जुळवायची.

या तपासणीचं मूळ पुस्तक इंग्रजी. त्यातल्या गोष्टी आगबोटीच्या आणि कोळ्यांच्या. देवमनभाऊंनी त्या बाजूला ठेवल्या आणि स्वतःची गोष्ट रचली: एक बाई तिवश्याच्या बाजारात जाते, हिरव्या बांगड्या घेते, परतताना नाल्याला पूर येतो. डॉक्टर आधी कुरकुरले, मग गप्प बसले.

त्यांच्या रिपोर्टात शेवटी 'वर्तन' असा एक रकाना असे. दुसरा कोणी असता तर तिथं रेघ मारून मोकळा झाला असता. देवमनभाऊ तो रकाना भरून कागदाच्या पाठीवर जात. रोगी कालपासून उपाशी आहे. चष्मा घरी राहिला. जावई समोर बसला म्हणून बाई लाजल्या. हे सगळं मला टाइप करावं लागे.

"भाऊ, माही बोटं दुखतात ना," मी म्हणायचो.

"वामनराव, शून्य लिहाले एक सेकंद लागते. पन ते शून्य रोग्याचं हाय का आपलं, हे लिहाले नको काय?"

मी त्यांची टर उडवायचो आणि ते हसायचे. माझा त्यांच्यावर जीव होता, हे खोटं नाही. पण त्यांच्या डब्यातला घास मी कधी खाल्ला नाही. "आज पोट बरं नाई" म्हणायचो. चार वर्षं कोणाचं पोट बिघडलेलं राहतं? त्यांना कळत होतं. त्यांना कळतं हे मलाही कळत होतं. तरी दुपारी आम्ही शेजारी शेजारी बसून जेवायचो.

पासष्टच्या जानेवारीत नांदगाव खंडेश्वरकडची गोदाबाई आली. वय पंचवीसच्या आतबाहेर, पदरी मूल नाही. कार्तिकात कौंडण्यपूरच्या यात्रेहून परतताना बैलांची दमणी उलटली आणि तिचं डोकं दगडावर आपटलं. चार दिवस शुद्ध नव्हती. नंतर डोकं ठणकायचं, मधूनच भडका उडायचा. एकदा तिनं नवऱ्याच्या अंगावर भरलं ताट फेकलं होतं. नवरा खुशालराव आडपडदा न ठेवता डॉक्टरांना म्हणाला, "बरी होनार असन त घरी नेतो. नाई त पागलखान्याचा कागद द्या."

डॉक्टरांनी तिला देवमनभाऊंकडे पाठवलं. तिचं घर की पागलखाना, हे आता त्या पडद्याआडच्या खोलीत ठरायचं होतं.

तिची सासू पार्बताबाई माझ्या टेबलाजवळ बसली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "अंदर बसले ते साहेब कोन होत?"

"मानसशास्त्रज्ञ."

"ते नाई बाप्पा. कोनाचे होत?"

मी आडनाव सांगितलं, गाव सांगितलं. तेवढ्यावर थांबता आलं असतं. पण मी पुढं वाकून त्यांची जुनी जातही सांगितली, छप्पन साली जी त्यांनी टाकून दिली होती ती. म्हातारीचा चेहरा पडला. तिला धीर द्यावा आणि आपण किती मजेशीर आहोत तेही दाखवावं म्हणून मी म्हणालो, "घाबरू नका मावशी, ते डोकं दुरूनच तपासतात, शिवत नाईत." आणि हसलो. चांगला मोठ्यानं हसलो.

पार्बताबाई उठली, पडदा सारून आत गेली, सुनेच्या कानाशी काही बोलली आणि येऊन पुन्हा बसली.

वाऱ्यानं पडदा हलत होता, मला अधूनमधून दिसत होतं. गोदाबाईनं सहा आकडे बिनचूक म्हटले. गोष्ट सगळी सांगितली, बांगड्यांच्या रंगासकट. मग देवमनभाऊंनी पेन्सिल पुढं केली. तिनं घेतली नाही. त्यांनी ठोकळे मांडले, नक्षी दाखवली, कसं करायचं ते एकदा स्वतः करून दाखवलं. तिचा हात पदरातून निघाला, ठोकळ्यापर्यंत गेला आणि परत फिरला. त्यांनी दोनदा सांगितलं, तीनदा सांगितलं. ती मान खाली घालून बसली.

म्हातारीला चालेल अशी सुंदराबाई नर्स शेजारच्याच वॉर्डात होती. तिला हाक मारून, ठोकळे धुऊन तिच्या हातून दिले असते, तर पाच मिनिटांत सगळं उरकलं असतं. देवमनभाऊंना हे सुचलं नसेल असं कोणी म्हणू नये. त्यांनी तिला हाक मारली नाही.

संध्याकाळी कागद माझ्याकडे आला. आकृती: शून्य. ठोकळे: शून्य. 'वर्तन' या रकान्यात एकच ओळ होती: वारंवार सांगूनही रुग्णाने ठोकळ्यांना हात लावला नाही. त्या दिवशी माझी बोटं दुखली नाहीत. का नाही लावला, ते मला माहीत होतं. मी ती ओळ टाइप केली, कागद काढला आणि सायकलवर बसून घरी गेलो.

डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला. तोंडी सगळं येतं, हातानं काहीच होत नाही, वर भडका उडतो. "मेंदूचा पुढचा भाग गेला," ते म्हणाले. "पुस्तकात आहे तसंच." असल्या रोग्याला महिन्याभरानं परत तपासायचा आमचा रिवाज होता, आणि देवमनभाऊंची सगळी भिस्त त्यावरच होती. पण खुशालरावाला घाई होती. देवमनभाऊ आईच्या आजारपणासाठी आठ दिवस गावी गेले होते, तेवढ्यात सर्टिफिकेट झालं, मॅजिस्ट्रेटची सही झाली, आणि रेल्वेनं पाच-सहा तासांवर असलेल्या पागलखान्यात तिची रवानगी ठरली. निघताना ती माझ्या टेबलाशी थांबली.

"घरी जाऊन राहिलो ना आमी?"

मी "हो" म्हणालो.

देवमनभाऊ परत आले तर खाट रिकामी. त्यांनी त्याच दिवशी दोन पानं लिहिली, माझ्याकडे टाइपला दिली नाहीत, तशीच नेऊन डॉक्टरांच्या हातात ठेवली. डॉक्टरांनी वाचून विचारलं, "हे तेव्हा का नाही लिहिलंत?" देवमनभाऊंनी फक्त पुन्हा तपासायची परवानगी मागितली. डॉक्टर वाईट माणूस नव्हते. त्यांनी पत्रांवर पत्रं लिहिली. पुन्हा तपासायची परवानगी यायला सप्टेंबर उजाडला.

कागदपत्रं सांभाळायच्या निमित्तानं मीही बरोबर गेलो. गोदाबाईचे केस कापले होते. अंगावर जाडंभरडं सरकारी लुगडं होतं, आणि ती इतकी वाळली होती की आधी मी ओळखलंच नाही. देवमनभाऊंनी ठोकळे मांडले. तिनं ते त्यांच्या हातातूनच घेतले आणि एकामागून एक सगळ्या नक्षी जुळवल्या. एकही चुकली नाही.

शेवटची नक्षी झाल्यावर ती म्हणाली, "भाऊ, मले त्या दिवशी काहून नाई सांगतलं?"

"काय?"

"का याले हात नाई लावला त घरी जाता येत नाई म्हनून. मले काय मालूम? सासूनं नको म्हटलं, म्या नाई लावला. तुमाले त मालूम होतं ना?"

"हो बाई," देवमनभाऊ म्हणाले. "मले मालूम होतं."

तिनं ठोकळे गोळा करून त्यांच्या हातात दिले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

रिपोर्ट झाला. बाई बरी आहे, घरी न्यावी. पण न्यायला कोणी येईना. खुशालरावानं दुसरी केली होती. मायबाप नव्हते. देवमनभाऊ स्वतः तिच्या भावाच्या दारात जाऊन बसले. तो बाहेर येऊन म्हणाला, "पागलखान्यातून आलेली बहीन घरी ठेवली त माह्या पोरीले कोन करन?" बरी झालेली बाई कोणी न्यायला येईपर्यंत सोडता येत नाही, असं पागलखान्यातून पत्र आलं. सहासष्टच्या उन्हाळ्यात देवमनभाऊंनी राजीनामा दिला. निरोप समारंभ नको म्हणाले, ठोकळ्यांची पेटी कपाटात ठेवून किल्ली माझ्याकडे दिली आणि गेले.

गेल्या महिन्यात काही कामानं मी अकोल्याला गेलो आणि पत्ता शोधत त्यांच्या घरी पोचलो. दोन खोल्या, दारात तुरीच्या काड्यांचं कुंपण. त्यांच्या बायकोनं, ललिताबाईंनी ताट वाढलं आणि मी जेवलो. पोटाचं कारण काढलं नाही. इतक्या वर्षांनी जेवलो याचा काही मोठेपणा नाही, लाज मात्र घासागणिक वाटली.

जेवणं झाल्यावर आम्ही बाहेर बाजेवर बसलो. चार वर्षं जे पोटात ठेवलं होतं ते मी बोलून टाकलं. "भाऊ, म्हातारीले म्याच सांगतलं होतं. तुमची जात. माह्यामुळंच झालं ते सगळं."

ते म्हणाले, "मले मालूम हाय."

"कसं?"

"पडदाच होता ना मधात, भिंत नव्हती. सगळं आयकू आलं."

ते सावकाश बोलले, रागाचा लवलेश नव्हता आवाजात.

"बाईचा राग नव्हता आला, वामनराव. तशा बाया लय पाह्यल्या. माह्या मायनं त जनमभर पाह्यल्या. सुंदराबाईले हाक मारनारच होतो. मंग तुमचं हसनं आठवलं. हाक मारली असती, त काहून मारली ते लिहा लागलं असतं. अन् ते टाइप कराले तुमच्याकडं आलं असतं. तेवढं माह्यानं झालं नाई." मग म्हणाले, "तुमच्यासमोर लाज राखली मी. तिचं घर गेलं त्यात."

मी शेवटच्या गाडीनं अमरावतीला परतलो. गोदाबाई अजून त्या पागलखान्यातच आहे.