डाव्या विंगेतलं वाक्य

चनमल्लप्पाशी बोलायचं तर आपला कान त्याच्या तोंडाशी न्यावा लागतो. भवानी पेठेतली भाजीवाली दोनदा ‘काय म्हणला आज्जा?’ असं विचारते आणि तिसऱ्यांदा स्वतःच्याच मनानं मेथीची जुडी पिशवीत टाकते. त्याच्या घशाला काही झालेलं नाही. आमच्या नाटक मंडळीत तो आयुष्यभर प्रॉम्प्टर होता. दिवसा चादरीच्या कारखान्यात काम, संध्याकाळी हातात नाटकाची वही घेऊन डाव्या विंगेत उभा. नटाला ऐकू जावं आणि पहिल्या रांगेला जाऊ नये, एवढाच आवाज त्यानं कमावला. पुढं घरीदारीही तोच राहिला.

मी राजे झालो, सेनापती झालो, सोलापूरकरांनी मला डोक्यावर घेतलं. त्या टाळ्यांतल्या निम्म्या चनमल्लप्पाच्या, असं मी तेव्हाही चारचौघांत सांगायचो. तो म्हणायचा, “टाळ्या र्‍हाऊ दे आण्णा. विंगेत एक पंखा लावा की.”

आणि आमची नायिका गोदावरी! काय आवाज होता त्या बाईचा! शेवटच्या बाकावर पेंगणारा माणूस ताठ बसायचा. पाठांतर मात्र शून्य. तालमीत सगळे तिच्यावर चिडायचे. ती निवांत म्हणायची, “मी कशाला पाठ करू? हा उभा हाय की तितं.” ओळ अडली की हनुवटी किंचित वर करून डावीकडं बघायची. चनमल्लप्पा कुजबुजायचा आणि तीच ओळ हिच्या गळ्यातून घंटेसारखी वाजायची. एकदा कानडी स्वगत आलं. ही केम गावची मराठी पोर, कानडीचं अक्षर ठाऊक नाही. त्यानं शब्द दिले, हिनं उचलले, आणि अक्कलकोटकडची कानडी मंडळी डोळे पुसत घरी गेली. त्याच वर्षी दोघांनी लग्न केलं.

आता तीन वर्षं झाली, गोदावरीला विसरण्याचा आजार जडला आहे. आधी माणसांची नावं गेली, मग माणसं. दिवाळीपासून तर बोलणंच थांबलं. खिडकीपाशी खुर्चीत बसते. चनमल्लप्पा भरवतो, वेणी घालतो.

त्यांची नात ज्ञानदा पुण्यात फ्रेंच शिकली. त्या भाषेची सगळ्यात वरची परीक्षा ती पास झाली आणि फ्रान्समधल्या लियों शहरात तिला दुभाषी म्हणून नोकरी लागली. ही बातमी सांगायला चनमल्लप्पा माझ्याकडं चालत आला.

“दुभाषी म्हंजे काय रे नेमकं?”

“एकाचं बोलणं दुसऱ्याच्या भाषेत सांगायचं.”

“म्हंजे प्रॉम्प्टरच की!” तो खूश झाला. “फकस्त पोरगी मोठ्यानं बोलणार.” मग माझ्याजवळ सरकला. “आण्णा, मला तिचं अभिनंदन करायचंय. तिच्या भाषेत. मोठ्यानं. जन्मात एक वाक्य तरी माझं म्हणून बोलू दे. शिकीव मला.”

वाक्य मी फोनवरच्या भाषांतराच्या ॲपमधून मिळवलं. त्यात एक बाई पुन्हा पुन्हा म्हणून दाखवते. ‘फेलिसितासियों, ज्ञानदा. ज सुई फिएर द त्वा.’ अभिनंदन, ज्ञानदा, मला तुझा अभिमान वाटतो. चनमल्लप्पाला ते एका दिवसात पाठ झालं. अडचण आवाजाची होती.

आम्ही त्याच्या गच्चीवर तालमी केल्या. मागच्या बाजूला यंत्रमाग चालतात. मी म्हटलं, “या खडखडाटाच्या वर गेलास की जिंकलास.” पहिले काही दिवस नुसता वारा बाहेर पडायचा. मी ओरडायचो, “पोटातून, चनमल्ल, पोटातून!” तो म्हणायचा, “पोटात भाकरी हाय रे, आवाज न्हाई.” पण एका संध्याकाळी निघाला! फाटका, किरटा, पण स्वतःचा आवाज. खालून मागवाल्यानं वर बघितलं. चनमल्लप्पा लहान मुलासारखा लाजला.

रविवारी दुपारी फोन लावायचा ठरला. त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला. फोन मी साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला. गोदावरीची खुर्ची शेजारीच ओढली, नातीला आजी दिसावी म्हणून. ज्ञानदा दिसली, गळ्याभोवती मफलर, मागं परकी खिडकी.

“आज्जा! किती नटलाय!”

मी खूण केली. चनमल्लप्पा उभा राहिला. छाती भरून श्वास घेतला. आणि ऐन वेळी समोरचा तो उजेड, ते आपल्याकडं लागलेले डोळे, यांनी तो बिचकला. पन्नास वर्षांची सवय वर आली. मान खाली गेली, ओठ जेमतेम हलले आणि वाक्य कुजबुजत बाहेर पडलं.

शेजारी गोदावरीची हनुवटी वर झाली.

“फेलिसितासियों, ज्ञानदा! ज सुई फिएर द त्वा!”

खोली भरली. तोच आवाज, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा.

“आजी!” ज्ञानदा रडायलाच लागली. “आजी बोलली! आजी, मी कोण? सांग ना.”

गोदावरीनं चनमल्लप्पाकडं बघितलं. तिला पुढची ओळ हवी होती. त्याचं स्वतःचं वाक्य अजून तोंडातच होतं, आता तरी मोठ्यानं म्हणता आलं असतं. त्यानं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि खुर्चीच्या पाठीशी, तिच्या डावीकडं जाऊन उभा राहिला. फोनमध्ये आता तो दिसत नव्हता.

“माझी ज्ञानदा,” तो कुजबुजला.

“माझी ज्ञानदा!”

“जेवलीस का बाळा. थंडी हाय का लई.”

गोदावरी एकेक ओळ उचलत गेली. पोरगी हसत होती, रडत होती. शेवटी म्हणाली, “आज्जा कुठं गेले? ते काहीच बोलले नाहीत.”

“बोललो की,” चनमल्लप्पा म्हणाला. ते फक्त मला ऐकू आलं.

फोन बंद झाल्यावर गोदावरी परत खिडकीकडं वळली. त्यानं कानाशी जाऊन तिचं नाव दिलं, मग स्वतःचं दिलं. तिनं उचललं नाही.

पुढच्या रविवारी ज्ञानदानं पहिल्यांदा आजीलाच मागितलं. आजी बरी होतेय, असं तिनं पुण्याला घरच्या सगळ्यांना कळवलं होतं. चनमल्लप्पा पाठीमागं उभा राहून ओळी देत होता. गोदावरी स्वस्थ बसली होती. पोरगी ‘आजी, आजी’ करत राहिली आणि हळूहळू तिचा चेहरा उतरला.

“दमलीय गं ती आज,” मीच शेवटी सांगितलं.

जिना उतरताना मी म्हटलं, “चनमल्ल, तुझं वाक्य राहिलंय. पुढच्या रविवारी तू बोल. गच्चीवर निघाला होता की आवाज.”

त्यानं मान हलवली. मी कान जवळ नेला.

“नटाला दिलेली ओळ परत घेत न्हाईत, आण्णा.”

तो वर गेला. मागांच्या खडखडाटात मला काही ऐकू येणार नव्हतं. रस्त्यावरून खिडकी तेवढी दिसत होती. गोदावरी बाहेर बघत होती, आणि तिच्या डाव्या खांद्याशी त्याचे ओठ हलत होते.