कमरेवर बसणारी घागर

नोटीस इंग्रजीत होती, म्हणून विट्याच्या जोतीराम तांबटानं ती दोन दिवस नुसती गादीखाली दाबून ठेवली. मग साताऱ्याला नानासो वकिलांकडं नेली, तेव्हा कळलं की मुदत पंधरा दिवसांची आहे आणि त्यातले दोन गादीखालीच गेले.

प्रकरण घागरीचं होतं. एका अंगाला चेपलेली, बाईच्या कमरेवर पोरासारखी बसणारी तांब्याची घागर. जोतीरामचा बाप ती ठोकायचा, आता जोतीराम ठोकत होता. गिऱ्हाईक लांबून यायचं ते त्या एका घागरीपायी. शहरातल्या कुठल्याशा कंपनीनं हाच आकार एकेचाळीस साली कलकत्त्याच्या कचेरीत आपल्या नावावर नोंदवून घेतला होता. आता चव्वेचाळीस चालू होतं. ठोकणं बंद कर, नाहीतर कोर्टात उभा राहा, असं नोटिशीत होतं.

"आमचा बाप ठोकत हुता की!" जोतीराम म्हणाला.

वकिलांनी मान हलवली. तोंडचं चालत नाही. हाच आकार आधी कुणी नोंदवलाय का, हे बघायला ते कलकत्त्याच्या नोंदवह्यांना माणूस लावणार होते. पण तिथं वस्तू नावावर सापडत नाही, ती ज्या धातूची आहे त्या वर्गात एकेक चित्र चारी बाजूंनी ताडून बघावं लागतं. शिवाय तिथं जोतीरामच्या बापाचं काय असणार? "तू घरं धुंडाळ," ते म्हणाले. "एकेचाळीसच्या आधीची, तारीख असलेली एक घागर आण. आणि ब्रिटिश मुलखात वापरलेली पाहिजे, संस्थानातली नको. मग कंपनीची नोंद टिकायची नाही. आकार तुझा होणार नाही, कुणाचाच राहणार नाही. पण तुझी भट्टी चालेल."

तारखेचं त्याला अवघड वाटलं नाही. लेकीला द्यायच्या भांड्यावर नाव, गाव, शक घालायची रीतच होती आणि ती अक्षरं त्यानंच पाडलेली. विट्यात, आजूबाजूच्या वाड्यांवर तो दारोदार फिरला. चेपकी घागर सगळ्यांकडं होती, पण नवी.

"आवं, जुनी तुमीच न्हेली की," शालूबाई दारातनं म्हणाली. "मोडीत घाला म्हून मागं लागला हुता. आता ती कुटनं काढू, पोटातनं?"

खरं होतं ते. लढाईपायी तांबं मिळेना, म्हणून दोन वर्षं तो जुन्या घागरी मोडीत घेऊन वितळवत होता. बापाच्या हातची एकेक घागर त्यानं स्वतःच्या हातानं आगीत घातली होती.

सुलाबाईनं, त्याच्या बायकोनं, भाकरी बांधून दिली आणि तो आटपाडीला चालत निघाला. तिकडं धनगरवाड्यांवर बापाची खरी विक्री. तिथं मोड न्यायला तो कधी गेलाच नव्हता. पोचला तर वाड्यावरच्या बनुबाईच्या ओसरीला चार घागरी ओळीनं, शक लख्ख. त्यानं एक उचलली. आणि मग आठवलं. आटपाडी औंध संस्थानातली. इकडच्या माणसाला तो फरक जकातीच्या नाक्यापुरता. वकिलानं सांगूनही तो डोक्यात शिरला नव्हता. तो तिथंच खाली बसला. दहा दिवस सरले होते.

बनुबाईनं ताक दिलं, सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "घागर काय आपल्या पायानं चालती व्हय? लेकीसंगं जाती. आमच्या लेकी कुटं कुटं दिल्यात ते इचार की."

ते त्याला सुचलं नव्हतं. लढाई लागायच्या आधी विट्याकडं दिलेल्या लेकी तिनं बोटांवर मोजल्या. तीन. एक वारली होती. दुसरीच्या नवऱ्यानं घागर विकून खाल्ली होती. तिसरी हरणाबाई, लेंगऱ्यात, म्हणजे ब्रिटिश मुलखात.

तेराव्या दिवशी तो लेंगऱ्यात पोचला. हरणाबाई नुकतीच आडावरनं आली होती, घागर अजून कमरेवर. त्यानं ती रिकामी करून मागितली, गळ्यापाशी डोळे नेले. राखेनं घासून घासून अक्षरं झिजली होती. शके १८६ इथवर दिसत होतं. शेवटचा आकडा पुसलेला. एकेचाळीसच्या आधीची की नंतरची, सगळं त्या एका आकड्यावर आलं होतं.

"माझं लगीन कवा झालं ते मला ठावं हाय," हरणाबाई म्हणाली. "वकिलाला सांगते."

"तोंडचं चालत न्हाई, बाय."

त्यानं घागर मांडीवर घेतली. मग त्यानं घागरीच्या तोंडातनं हात आत घातला. ही अक्षरं कोरलेली नव्हती, छिन्नीनं ठिपके ठोकून पाडलेली. बाहेर ठोका बसला की आतल्या अंगाला पुळी उठते आणि आत राख कुणी लावत नाही. पुसलेल्या आकड्याच्या मागच्या बाजूला बोटाच्या शेंड्यानं त्यानं गळा चाचपला. साठलेल्या चुन्याखाली बारीक पुळ्या लागल्या. त्यांच्यावरनं बोट फिरत फिरत निघालं तिथंच परत आलं. पुन्हा फिरवलं. शून्यच. अठराशे साठ, म्हणजे अडतीस साल.

त्यानं हात काढला नाही. काढला तर ते शून्य जाईल असं वाटत होतं.

हरणाबाईनं ओसरीवर बसलेल्या सासऱ्याकडं बघितलं, पदर खोचला. "घागर हवी तर न्या. पर तिच्यासंगं मी येनार. घरात पान्याला दुसरं भांडं न्हाई, ही परत आली पायजे."

साताऱ्याची वाट लांबची होती आणि हाताशी दोन दिवस. जोतीरामनं घागर धोतराच्या फडक्यात गुंडाळली आणि तो हरणाबाईसंगं वाटेला लागला.