पेरिहानच्या नणंदेची सुट्टी

दात्चाच्या किनाऱ्यावर पेरिहानचं छोटंसं लॉज होतं. अंकाऱ्याची नणंद मुकर्रेम दर उन्हाळ्यात "आपण घरचेच" म्हणत समुद्राकडची खोली फुकट अडवायची आणि गिऱ्हाइकांदेखत सूप खारट ठरवायची. यंदा तिच्या सुट्टीचा बेत पेरिहाननेच आखला.

"वन्सं, ऑगस्टमध्येच या. समुद्र छान कोमट असतो."

लॉजमागच्या बदामांची झोडणीही तेव्हाच असते, हे सांगायचं तिने टाळलं. गावाची रीत अशी, की झोडणीच्या दिवसांत पाहुण्याला न्याहारी मिळते आणि घरच्याला काठी.

मुकर्रेम आली त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटेच पेरिहानने काठी पुढे केली.

"अगं वहिनी, मी आरामाला आलेय."

"पाहुण्यांना खोलीचं भाडं पडतं, वन्सं."

मुकर्रेमने काठी घेतली. पेरिहान चहा घेऊन सावलीत बसली आणि राहिलेल्या फांद्या मायेने दाखवत राहिली.