अण्णांचा दहावा आणि दुसरी टेस्ट

आमच्या अण्णांच्या दहाव्याला कावळा सव्वा तास पिंडाला शिवला नाही, आणि त्याला भारताची फलंदाजी जबाबदार होती. हे माझं मत नाही, अख्ख्या गावाचं आहे. माझं मत त्या दिवसापासून कुणी विचारत नाही.

अण्णा म्हणजे माझे थोरले चुलते. शेवगाव तालुक्यात, धरणाच्या फुगवट्याला लागून त्यांची शेती. उसाला पाणी देताना डाव्या खांद्यावर फावडं आणि उजव्या कानाला रेडिओ, असंच मी त्यांना लहानपणापासून पाहिलेलं. क्रिकेट त्यांना फक्त पाच दिवसांचं मान्य होतं. वीस षटकांच्या सामन्याला ते 'वरात' म्हणायचे. ("नाचत्यात लई, पन नवरा कुठं दिसत न्हाई!") पुढे रेडिओवर कॉमेंट्री मिळेनाशी झाली, तेव्हा त्यांनी रेडिओचं काम माझ्यावर सोपवलं. मी सुप्याच्या एका कारखान्यात क्वालिटी डिपार्टमेंटला. मशीनच्या खडखडाटात फोन वाजायचा.

"लंच झाला का रं?"

"नाही अण्णा, आमचा साडेबाराला असतो."

"तुझा न्हाई! ऑस्ट्रेलियातला!"

मग मी स्कोअर सांगायचो, ते त्यांचं मत सांगायचे, मी माझं सांगायचो, आणि दोघंही रागारागाने फोन ठेवायचो. दुसऱ्या दिवशी पुन्हा लंच!

त्या दौऱ्यातली पहिली टेस्ट आपण हरलो. शनिवारी अण्णांचा फोन आला, "दुसरी कवा हाय?" मी म्हटलं, शुक्रवारी. "बरं," म्हणाले, मग नेहमीसारखे भांडलो आणि मी फोन ठेवला. रविवारी दुपारी भाकरी खाऊन आडवे झाले ते उठलेच नाहीत. वय एक्क्याऐंशी. आजार नाही, दवाखाना नाही. कुणाला अपील करायलाही वेळ मिळाला नाही.

आता बोटं मोजून बघा. रविवारी गेले, म्हणजे दहावा आला पुढल्या मंगळवारी. आणि शुक्रवारी सुरू झालेल्या टेस्टचा पाचवा दिवस कधी? मंगळवारी!

पहाटे सुप्याहून निघालो. गाडीत माझी बायको सुनीता म्हणाली, "आज फोन खिशातून बाहेर आला तर याद राखा. चारशे माणूस जमणार आहे."

"काय बोलतेस! सख्खे चुलते गेलेत माझे!" मी दुखावल्या आवाजात म्हणालो. (सामना वाचवण्यासाठी आपण खेळत होतो आणि चार गडी गेले होते. हे मला पेट्रोल पंपाच्या स्वच्छतागृहात कळलं होतं.)

नदीकाठी मांडव घातलेला, खुर्च्या मांडलेल्या, शेजारी टेम्पो उभा आणि टेम्पोच्या हौद्यात शेवगावहून आणलेले साउंडचे दोन मोठे बॉक्स. प्रवचनकार महाराज यायला उशीर होता. माझा चुलतभाऊ बाळूदादा, म्हणजे अण्णांचा मुलगा, मुंडण केलेल्या डोक्यावरून हात फिरवत माझ्याकडे आला. "तू कंपनीतला मानूस. महाराज येस्तवर तुझ्या मोबाईलवरनं एखादं भजन लाव."

साउंडवाल्याने माझा फोन ब्लूटूथने बॉक्सला जोडून दिला. भजन वाजलं. महाराज आले, मी भजन बंद केलं, फोन खिशात टाकला. भजन बंद झालं की बॉक्सशी फोनचं नातंही संपतं, असा माझा समज होता. क्वालिटी डिपार्टमेंटच्या माणसाने असे समज करून घेऊ नयेत.

प्रवचन झालं. मग श्रद्धांजलीची भाषणं. आमच्याकडे दहाव्याला भाषणं नसली तर माणूस नीट गेला असं वाटत नाही. सहा वक्ते झाले. सरपंच तात्या तर पंचवीस मिनिटं बोलले. त्यातली चार अण्णांवर होती. अखेर पिंड ठेवले आणि सगळे लांब सरकून उभे राहिले.

कावळा होता. समोरच्या बाभळीवर बसून आमच्याकडे बघत होता. पण पिंडाकडे ढुंकून बघेना.

पाच मिनिटं गेली, दहा गेली. गुरुजी म्हणाले, "काही इच्छा राहिली असेल त्यांची. मुलाने बोलावं."

बाळूदादा हात जोडून पुढे झाला. "अण्णा, तुमच्या नातीचं, धाकट्या सुमीचं लगीन यंदाच करतो."

कावळ्याने मान वळवली.

"अण्णा, शेजारच्या भाऊसाहेबाशी बांधाचं भांडन हाय, ते मिटवतो! तो म्हनंल तिथं खुना टाकतो!"

"ऐकलं ना समद्यांनी?" गर्दीतून भाऊसाहेब घाईघाईने ओरडले.

कावळा एक फांदी वर गेला. आता चारशे माणसांना एकच उत्सुकता लागली: अण्णांचं राहिलं तरी काय? जो तो आपापल्या अकलेनं सुचवू लागला. तंबाखू ठेवा. गूळ ठेवा. काशीला न्यायचं कबूल करा. ("आता कसं नेनार?" "मंग त्यांच्या बायकूला न्या!") एक म्हातारे म्हणाले, त्यांना विमानात बसायचं होतं, दुसरे म्हणाले, छे, विमानाला ते भीत होते.

तेवढ्यात सरपंच तात्या घसा खाकरून पुढे आले. "बाळू, आता लपवत न्हाई. अण्णा मला नेहमी म्हनायचे, आपल्या वावरातनं वस्तीला रस्ता देऊन टाकावा."

अण्णा आयुष्यात असं म्हणाले नव्हते. तात्या मात्र पंधरा वर्षं तो रस्ता मागत होते. पण कावळा न शिवलेल्या मुलाची अवस्था काय सांगावी! बाळूदादा 'देतो' म्हणायच्या बेतात आला. पिंडासमोर शब्द दिला की तो मागे घेता येत नाही, आणि रस्ता नेमका विहिरीवरून जाणार होता.

ह्या सगळ्या धावपळीत मी कुठे होतो? टेम्पोमागे. माझं लक्ष नव्हतं असं नाही; पण सगळे कावळ्याकडे बघताहेत, सुनीताही बघतेय, अशी संधी पुन्हा येणार नव्हती. खाली रेंज मिळेना म्हणून मी गुपचूप हौद्यात चढलो, हात उंच केला, रेंज आली आणि मी मॅच लावली.

"भारताचे आठ गडी बाद!!"

हे मला कानात ऐकू यायला हवं होतं. ते दोन बॉक्समधून बाहेर पडलं आणि पाण्यावरून पलीकडच्या काठापर्यंत जाऊन परत आलं.

चारशे माना वळल्या. हौद्यात मी, एक हात वर करून, चौकातल्या पुतळ्यासारखा! घाईत आवाज कमी करायचं बटण दाबलं ते नेमकं उलटं दाबलं. "पराभव टाळण्यासाठी आता झुंज..." कॉमेंटेटर आणखी जोरात ओरडला. तात्या लालबुंद झाले. सुनीताने कपाळाला हात लावला नाही. तो मला लावायचा म्हणून राखून ठेवला असावा.

"बंद करतो, बंद करतो," मी पुटपुटत होतो, तेवढ्यात बाळूदादा किंचाळला, "बंद करू नगंस!"

"काय?"

"आरं, अण्णांची दुसरी टेस्ट राहिली की! त्यांना मॅच ऐकायची हाय!"

"व्हय की!" एकदम पन्नास जण म्हणाले. "म्हंजी त्यासाठी अडलंय तर!"

तात्यांचा रस्ता तिथंच राहिला. खुर्च्या टेम्पोकडे वळल्या. गुरुजींना अजून दोन ठिकाणी जायचं होतं, त्यांनी घड्याळ बघितलं आणि हळूच विचारलं, "किती ओव्हर राहिल्यात?" मी हौद्यातून उतरायला लागलो तर आवाज तुटला आणि लोक ओरडले, "तिथंच ऱ्हा! हात खाली घेऊ नको!" मग माझ्या दुसऱ्या हातात माइक देण्यात आला. कारण प्रश्न सुरू झाले होते, आणि टेस्ट मॅच म्हणजे काय हे गावात फक्त अण्णांना माहीत होतं.

"आपल्याला किती हव्यात?" भाऊसाहेब.

"धावा नकोत. नुसतं टिकून राहायचं. मॅच ड्रॉ होईल."

"डरा म्हंजी?"

"ड्रॉ. कुणीच जिंकत नाही."

"पाच दिस खेळून?" बायकांतून एक आवाज. "मंग खेळत्यात कशाला?"

मी म्हटलं, "ऐका, ऐका, चेंडू टाकतोय."

आपले गडी टिच्चून खेळत होते. एकेक चेंडू अडवला की लोक माना डोलवत. मला वाटलं, आता कावळा खूश होऊन उतरेल. पण तो बाभळीवर पाठ फिरवून बसला. ऊन चढलं. मांडवामागे बुंदी आणि आमटी निवत होती. कुणीतरी बाळूदादाच्या कानात सांगितलं की जिंकलो म्हणून सांगून टाक, कावळ्याला काय कळतंय.

"अण्णा!" बाळूदादा हात पसरून म्हणाला, "जितलो आपन!"

"आणि त्रिफळा! नववा गडी बाद!" बॉक्स म्हणाला.

लोकांनी डोकं धरलं. पण कावळा टुणकन दोन फांद्या खाली आला आणि पिंडाकडे बघू लागला. मी कोड्यात पडलो. मग दोन चेंडू अडवले गेले. कावळा पुन्हा वर! हे काय गौडबंगाल?

"मला इचारतंय का कुनी?"

मोठी आई. म्हणजे अण्णांची बायको. दहा दिवस जिने तोंडातून शब्द काढला नव्हता, ती मांडवाच्या खांबाला टेकून बोलत होती.

"त्यांना जितायचं कवा हुतं? ही टेस्टबी हरनार, असं ते शनवारीच मला बोलले हुते. जितल्यावर त्यांना जेवान जायचं न्हाई. हारलं की 'म्या म्हनलं नव्हतं?' असं म्हनत दोन भाकरी जास्त खायचे. पन्नास वर्सं मी थापल्यात त्या भाकरी."

मग चारशे माणसांच्या डोळ्यांत हळूहळू एक अवघड विचार उमटला.

"म्हंजी आता," भाऊसाहेब चाचरत म्हणाले, "आपला शेवटचा गडी... जायला पायजे?"

"असं मनात आणणं बरं नव्हे," गुरुजी म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटून ओठ हलवायला सुरुवात केली. कशासाठी ते देवालाच माहीत. मी तर अट्टल आशावादी! अण्णांशी माझं आयुष्यभर त्याच्यावरूनच भांडण. ते म्हणायचे हरणार, मी म्हणायचो वाचवणार. माइकमध्ये मी म्हणालो, "अजून आशा आहे!" त्यावर मला चारही बाजूंनी "गप ऱ्हा!" असं सांगण्यात आलं.

पुढची वीस मिनिटं त्या शेवटच्या जोडीने आमचा अंत पाहिला. परदेशात आपली माणसं जिवाच्या आकांताने खेळताहेत आणि इथे धरणाच्या काठी त्यांचेच देशबांधव "आरं, जा की!" म्हणून त्यांना विनवताहेत! माझा वर केलेला हात बधिर झाला.

आणि मग गेला. झेल उडाला, घेतला, संपलं. आपण हरलो.

इतका वेळ दाबून धरलेला सगळा जमाव टाळ्या वाजवू लागला. दहाव्याला! शिट्टीसुद्धा एक आली. (भाऊसाहेबांची. ते अजून नाकारतात.) त्या आवाजाने बिचकून कावळा बाभळीवरून उडाला, पाण्यावर गिरकी घेऊन लांब एका खांबावर जाऊन बसला. टाळ्या बंद झाल्या. बाळूदादा मटकन खाली बसला.

"आता काय राहिलं?" तो रडायलाच लागला.

मोठी आई टेम्पोजवळ आली आणि वर माझ्याकडे बघून म्हणाली, "तू म्हन."

"काय म्हणू?"

"तुमचं खरं हुतं, अण्णा, असं म्हन. इतकी वर्सं भांडलास, एकदा तरी म्हनलास का?"

नव्हतो म्हणालो. किती टेस्ट हरलो, किती वेळा त्यांचा अंदाज बरोबर निघाला. पण प्रत्येक वेळी मी खेळपट्टी, पंच, पाऊस, टॉस, काही ना काही पुढे करून फोन आपटला होता. शनिवारचा तो फोनही मी असाच ठेवला होता, "ह्या वेळी बघाच तुम्ही!" म्हणून.

हातात माइक आहे हे मी विसरलो. "अण्णा," मी म्हणालो, "तुमचं बरोबर होतं."

बॉक्समधून ते पाण्यावर गेलं. कावळा खांबावरून उठला, सरळ आला, मधल्या पिंडावर बसला आणि चोच मारली. नुसता शिवला नाही. भुकेल्या माणसासारखा जेवला.

सगळ्यांनी हात जोडले. गुरुजींनी डोळे पुसले आणि चप्पल शोधायला लागले. मी हौद्यातून उतरलो. वाटलं, आता सुनीता फाडून खाणार. गाडीत बसल्यावर तिने माझा फोन काढून घेतला आणि पर्समध्ये टाकला. मग म्हणाली, "जिवंतपणीच म्हणत चला जरा माणसांना."

मला ते इतकं पटलं, की तेव्हापासून मी घरात दिवसातून चार-पाच वेळा तरी "तुझं बरोबर आहे" असं म्हणतो. परवा सुनीता म्हणाली, सवय फार चांगली आहे. फक्त आधी मला बोलू देत जा, आणि मग म्हणा.