दाढीवाली पिल्लं

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण मला सर्वांत जास्त अस्वस्थ केलं ते एका हरवलेल्या कुत्र्याच्या प्रकरणाने. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी त्यातला एक माणूस आठवला की हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवून मी उगाच अंगणात फेऱ्या घालतो. नावं सांगणार नाही. त्या माणसाला इथे किसन म्हणतो आणि कुत्र्याला टोबी.

मध्यप्रदेश नुकताच झाला होता. मी इंदूरच्या एका ठाण्यात सब-इन्स्पेक्टर होतो. आमचं घराणं इथल्या संस्थानाच्या फौजेतलं, त्यामुळे घरी मराठी, ठाण्यात हिंदी आणि पंचनाम्यात दोन्हींची खिचडी, असा कारभार होता.

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. सकाळी हजेरी चालू असताना एका मेजरसाहेबांच्या विधवा पत्नी ठाण्यात आल्या. बरोबर त्यांचा पुतण्या होता, तिशीचा, इस्त्रीच्या कपड्यांतला. बाईंचा टोबी नावाचा कुत्रा आदल्या दुपारपासून बेपत्ता होता. पूडल जातीचा, सायीच्या रंगाचा, अंगभर मेंढीसारखे कुरळे केस, तोंडावर दाढी-मिश्या. महूची छावणी सोडून विलायतेला परत जाणाऱ्या एका साहेबाकडून मेजरसाहेबांनी तो पिल्लू असताना घेतला होता. बाईंना मूलबाळ नव्हतं. "तो माझ्या घरातला माणूस आहे," एवढं बोलून त्यांनी पदर तोंडाला लावला.

पुतण्या मात्र शांत होता. म्हणाला, "साहब, मी काल किसनला पट्टा हातात घेऊन फाटकाबाहेर जाताना बघितलं. बाकी तुमचं तुम्ही बघा."

किसन हा बाईंकडे कुत्र्याची देखभाल करणारा नोकर. वय पस्तिशीचं, राहणार मूळचा महूचा. बाप पलटणीत होता. लहानपणापासून किसन गोऱ्या अंमलदारांच्या कुत्र्यांत वाढलेला. बायको आणि लहान मुलीसह बंगल्याच्या आवारातल्या आउटहाउसमध्ये राहत होता. मी झडती घेतली तेव्हा भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली घडी घातलेली अंथरुणं, सगळं स्वच्छ. अंथरुणाखाली टोबीचा पट्टा सापडला.

किसन म्हणाला, "साहेब, पट्टा मी रोज खुंटीला लावतो. हा इथे कसा आला, मला माहीत नाही. आणि पळवायचाच असता, तर पट्टा ठेवून कुत्रा कशाला नेला असता?"

प्रश्न चांगला होता. मी तो लिहून घेतला नाही. पुतण्याचं बोलणं मात्र सहीनिशी घेतलं होतं. कोणाचं आपण लिहून घेतो आणि कोणाचं नुसतं ऐकतो, याचा विचार मी तेव्हा केला नव्हता.

बाई आमच्या वरिष्ठांच्या ओळखीतल्या होत्या. "नोकराने केलेली चोरी आहे, पट्टा मिळालाय, अजून काय पाहिजे?" असं मला विचारलं गेलं. किसनला अटक केली, रिमांड घेतला. दोन दिवस तो एकच उत्तर देत होता. माझ्या हवालदारांनी त्याला मारलं. मी त्या खोलीत नव्हतो, पण शेजारच्या खोलीत होतो आणि आवाज ऐकत होतो. तिसऱ्या दिवशी मी स्वतः त्याच्यासमोर बसलो आणि शांतपणे म्हणालो, "तू नाही सांगत तर ठीक आहे. तुझ्या बायकोला बोलावतो. तिला माहीत असेल."

त्याने मान वर केली. मग म्हणाला, "लिहा. मीच विकला."

"कोणाला?"

"ट्रकवाल्याला."

"कुठे?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. हवालदार मागून म्हणाला, "मानपुरला ना? मुंबई रोडवर?"

"हां. मानपुरला."

"ट्रकचा रंग?"

किसनने मला विचारलं, "साहेब, कोणता सांगू?"

हे शब्द त्याने कुचेष्टेने उच्चारले नव्हते. अर्ज भरताना माणूस कारकुनाला विचारतो, तसं विचारलं होतं. तरीही मी जबानी लिहिणाऱ्या मुंशीला म्हणालो, "हिरवा लिही."

पोलिसांपुढची कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, हे ठाण्यातला शिपाईसुद्धा जाणतो. पण कबुली मिळाली की तपास संपल्यासारखा वाटतो. आम्ही मानपुरला जाऊन ढाबेवाल्यांना, टायरवाल्यांना विचारून आलो. अशा कुरळ्या कुत्र्याला कोणीच पाहिलं नव्हतं. मी रोजनाम्यात "शोध चालू" असं लिहिलं आणि आरोपपत्राची तयारी केली. किसनला जामीन राहायला कोणी आलं नाही. तो तुरुंगात गेला. बाईंनी आउटहाउस रिकामं करायला सांगितलं, आणि त्याची बायको मुलीला घेऊन महूला माहेरी गेली.

त्या दिवसांत मला जेवण गोड लागत नसे. बायको विचारायची, मी कामाचं कारण सांगायचो. दुसरी प्रकरणं हातात होती, पण कागद वाचता वाचता मधेच तो हिरवा ट्रक आठवायचा.

फाल्गुन लागला होता. एका सकाळी ठाण्यात पोहे आले होते आणि सगळे उभ्यानेच खात होते. आमचा एक शिपाई छत्रीबागेत राहायचा. तो हसत हसत सांगू लागला, "अरे भिया, आमच्या गल्लीतल्या कुत्रीला पिल्लं झालीयेत, पण क्या बताऊं, सगळ्यांना दाढी-मूंछ! एकदम रिटायर सुभेदार दिसतात."

सगळे हसले. मी प्लेट खाली ठेवली.

"कशी आहेत? कुरळी?"

"नाही साब. अंगाचे बाल छोटेच आहेत, थोडे खडबडीत. काळी आहेत सगळी."

टोबी सायीच्या रंगाचा, कुरळा. पिल्लं काळी, आखूड केसांची. संबंध जुळत नव्हता. पण उभ्या इंदुरात टोबीखेरीज दाढीचं कुत्रं मी ऐकलंही नव्हतं. मी तसाच सायकल काढून छत्रीबागेत गेलो. नदीच्या अंगाला, एका ओट्याच्या खाली पिवळट रंगाची साधी गल्लीतली कुत्री पडली होती. तिचं तोंड गुळगुळीत. आणि तिला लुचणारी पाच पिल्लं, दीड-पावणेदोन महिन्यांची, प्रत्येकाच्या डोळ्यांवर भुवया आणि नाकाखाली मिश्या.

हे कोणाला दाखवावं आणि काय विचारावं, मला कळेना. जनावरांच्या एका डॉक्टरला विचारलं, तर तो म्हणाला, "गल्लीतल्या कुत्र्यांचं काय सांगता येतं?" कुत्र्यांमधलं खरंखुरं समजणारा माणूस मला एकच माहीत होता. त्याला मीच आत टाकलं होतं.

परवानगी काढून मी तुरुंगात गेलो. किसन वाळला होता. मला पाहून तो उभा राहिला, हात बांधून. मी पिल्लांचं सांगितलं. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा कसलीतरी हालचाल दिसली.

"आई कशी आहे, साहेब? तिला मिशी आहे?"

"नाही. गुळगुळीत."

"मग मिशी बापाची. आई-बाप दोघंही गुळगुळीत असतील, तर पिल्लाला मिशी येत नाही. मी तरी कधी बघितली नाही."

"पण टोबी पांढरट, ही काळी. आणि केस कुरळे नाहीत."

"रंगावर जाऊ नका." तो आता माझ्यासमोर खाली बसला होता, आणि बोटाने फरशीवर काहीतरी आखत होता. "बंगल्याच्या शेजारी एक पिवळी कुत्री होती, आखूड केसांची. तिला टोबीपासून पिल्लं झाली, ती सगळी काळी झाली. बाईसाहेब पण हैराण होत्या. केस आईसारखे आखूड, जरा राठ. पण मिशी सगळ्यांना. टोबीचे ते कुरळे, लांब केस पहिल्या खेपेला येतच नाहीत. ते आत दडून राहतात. पुढे त्याच पिल्लांतली दोघं मोठी होऊन जोडीला लागली, तेव्हा एक पिल्लू थेट टोबीसारखं मेंढरू निघालं. आणि दोन तर आजीसारखी अगदी गुळगुळीत, मिशीचा पत्ता नाही."

मी म्हणालो, "म्हणजे टोबीची ती मिशीवाली पोरं शहरात आहेत. छत्रीबागेतला बाप त्यांच्यातलाच एखादा असेल."

किसनने फरशीवरचं बोट उचललं. मग म्हणाला, "साहेब, पाच पिल्लं आहेत ना? मिशी पाचांनाही आहे, की काहींना?"

"पाचांनाही."

"नीट बघितलं?"

"एकेक उचलून बघितलं."

"मग बाप टोबीच असणार. मिश्र कुत्रा असता तर अर्धी मिशीची, अर्धी बिनमिशीची निघाली असती. अस्सल पूडल असेल, तरच सगळी." त्याने बोटांवर दिवस मोजले. "दोन महिने पोटात, पावणेदोन महिने बाहेर. साहेब, तो हरवल्यावर आठवड्याभरातलं आहे हे. टोबी इंदुरातच होता. अजूनही असेल."

मी उठलो. तो मागून म्हणाला, "कुरळा कुत्रा शोधू नका. चार महिने कातरला नसेल तर त्याच्या केसांचा घट्ट नमदा झाला असेल. त्याचे केस झडत नाहीत, गुंततात. ओळखू येणार नाही. कान उचलून बघा, आतून गुलाबी असतील आणि डाव्या कानाला एक चीर आहे."

ठाण्यात येऊन मी शिपायाला एवढंच विचारलं, की ती कुत्री कोणाच्या आवारात जाते. त्याने चौकशी केली. गल्लीच्या टोकाला एका रंगाऱ्याचं बंद पडलेलं आवार होतं. दाराखाली फट होती, आणि कुत्री तिथून ये-जा करायची. आतून कधीकधी भुंकणं ऐकू येतं, असं दोन बायकांनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दोन पंच घेऊन आवार उघडायला लावलं. रंगाच्या रिकाम्या हौदाशेजारी दोरीला एक जनावर बांधलेलं होतं. राखाडी, निळे-लाल डाग पडलेलं, अंगावर जणू जुनी गोधडी शिवलेली. डोळेसुद्धा दिसत नव्हते. एक पंच म्हणाला, "यह कुत्ता है?" मी डावा कान उचलला. चीर होती.

आवाराचा मालक पाच मिनिटंही टिकला नाही. "मुझे तो भिया ने रखने को दिया था, साब. बोला, महिनाभर सांभाळ. मी तर रोज रोटी घालत होतो." भिया म्हणजे बाईंचा पुतण्या.

पुतण्याची जबानी मी स्वतः घेतली. त्याच्या अंगाला कोणी हात लावला नाही. बाई आउटहाउस किसनच्या नावाने लिहून द्यायच्या विचारात होत्या, आणि ते त्याला खपत नव्हतं. कुत्रा लपवायचा, पट्टा अंथरुणाखाली ठेवायचा, किसनला हाकललं की कुत्रा "सापडला" म्हणून आणून द्यायचा, एवढाच बेत होता. "जेल होगी, असं मला वाटलं नव्हतं," तो म्हणाला. "पण तो मानपुरला विकला म्हणून कबूल झाला. मग तो इंदुरातच सापडला, असं मी कसं सांगणार होतो?"

माझ्या हिरव्या ट्रकने त्यालाही अडकवलं होतं.

मी कोर्टात अहवाल दिला, किसन सुटला. खोटी खबर देऊन खोटा पुरावा उभा केल्याबद्दल पुतण्यावर खटला झाला आणि थोडीशी शिक्षाही झाली. टोबीला ओळख पटवण्यासाठी ठाण्यात आणलं होतं. किसन आला, खाली बसला आणि कात्री मागितली. ठाण्याच्या मागच्या आवारात दोन तास तो ते नमदे कापत होता. आधी डोळ्यांवरचे, मग पायांमधले, कातडीला धक्का न लावता. टोबी त्याच्या मांडीवर मान टाकून थरथरत होता. बाई समोर खुर्चीवर बसून रडत होत्या. म्हणाल्या, "किसन, चल घरी. आउटहाउस तुझंच आहे. मी आजच कागद करते."

"नको, बाईसाहेब," तो म्हणाला. "याचे केस दर सहा आठवड्यांनी कातरा. कान कोरडे ठेवा." त्याने पट्टा त्यांच्या हातात दिला.

जाण्याआधी त्याला वस्तू परत मिळाल्याची सही करायची होती. मुंशी बाहेर गेला होता, खोलीत आम्ही दोघंच. सही करून तो म्हणाला, "साहेब, एक विचारू? मी कबूल केलं, तेव्हा तुम्हाला ते खरं वाटलं होतं?"

मी बरीच उत्तरं देऊ शकलो असतो. वरून दबाव होता, पट्टा मिळाला होता. मी म्हणालो, "नाही."

"मला तसंच वाटलं होतं," तो म्हणाला, आणि महूची बस धरायला निघून गेला.

त्यानंतरच्या नोकरीत मी कबुलीवर तपास बंद केला नाही. खोटं बोलणारा माणूस न विचारता तपशील पुरवतो. मारून कबूल करायला लावलेला माणूस आपल्यालाच तपशील विचारतो. हा फरक मी पुढे पुष्कळ नव्या अधिकाऱ्यांना समजावला आणि त्यांनी तो वहीत उतरवून घेतला. एका प्रशिक्षण वर्गात एकाने विचारलं, "सर, हे आपण कुठे शिकलात?" मी म्हणालो, इंदूरला, एका कुत्र्याच्या प्रकरणात. सगळे हसले. ते शिकायला चार महिने लागले, आणि ते चार महिने माझे नव्हते, हे मी त्यांना सांगितलं नाही.