वाढत्या अंगाचा फ्रॉक

मंडळी, आज सकाळी शॉमबर्गच्या आमच्या किचनमधून मलावीतल्या एका खेड्यात व्हिडिओ कॉल केला. तिथे ग्रेसताई गावातली अनाथ मुलं सांभाळतात आणि आमचा ग्रुप त्यांना कपडे पाठवतो. यंदा नागपूरहून आलेल्या माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आईंनी, फ्रॉक शिवले.

सहा वर्षांची चिसोमो पिवळा फ्रॉक घालून, तो दोन्ही हातांनी उचलून धरत कॅमेऱ्यासमोर आली. तरी तो जमिनीला टेकत होता.

"आजी, इट्स सो बिग," माझी लेक म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माप तर मी बरोबर दिलं होतं यार.

आई मात्र खूश. "वाढत्या अंगाचा शिवलाय. पुढच्या वर्षी नीट बसेल, सांग तिला."

मी सांगितलं. ग्रेसताईंनी ते चिसोमोला त्यांच्या भाषेत समजावलं. ती हळूच काहीतरी बोलली.

"ती विचारतेय," ग्रेसताई म्हणाल्या, "तेव्हा बघायला आजी असतील ना?"

आईंचं परतीचं तिकीट पुढच्या आठवड्याचं आहे. त्यांनी चष्मा पुसला आणि स्वतःचा फोन माझ्यापुढे धरला. "ग्रेसचा नंबर यात सेव्ह करून दे. नागपूरहून मीच कॉल करेन."

तुमच्या घरी वाढत्या अंगाचे कपडे कोण शिवायचं? आणि ते नीट बसायची वाट कोण बघायचं?