कठड्यावरची खडूची रेघ

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी कारंजाला, कॉलेजच्या प्रयोगशाळेत होते. समोरचं भिंग तसंच टाकलं आणि कामरगावची बस धरली. नाना म्हणजे माझ्या आईचे वडील. गावातल्या छोट्या मशिदीत ते नमाज पढवायचे, सकाळी मुलांना अरबी अक्षरं शिकवायचे. त्यांच्यावर लिहायला मी लहान आहे. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, आणि धर्मातलं मला थोडंच कळतं... पण काही आठवडे झाले तरी मन त्या छतावरून उतरत नाही, म्हणून लिहिते.

चांदाचा महिना संपत आला की सूर्य मावळताना नवा चांद पाहायला गल्ली आमच्या छतावर जमायची. चंद्र कधी मावळेल, कोणत्या दिशेला असेल, हे आधीच काढता येतं हे मी कॉलेजात शिकले आणि नानांना सांगितलं. वाटलं, रागावतील. पण त्या दिवसापासून ते विचारू लागले, "तुयं गणित काय म्हणते व आज?" मी दिशा दाखवायची, ते मुलांच्या खडूनं पश्चिमेच्या कठड्यावर रेघ ओढायचे, आणि सगळे त्या रेघेवरून वर पाहायचे. एकदा मी म्हटलं, "गणितानं कळतं, तर छतावर चढायचंच कशाला?" नाना हसले. "अवं, गणित एकट्यानं होते. चांद सगळ्याईनं मिळून पाहा लागते."

गेल्या रमजानमध्ये अब्बांनी ठरवलं होतं, पहिलं वर्ष झालं, आता कॉलेज बस. मी नानांकडे रडले. एकोणतिसाव्या रोज्याच्या संध्याकाळी छत भरलं होतं आणि शेजारचे रशीद चाचा एकदम ओरडले, "दिसला! ईद मुबारक!" पोरं नाचायला लागली. नानांनी शांतपणे विचारलं, "चांदाची टोकं कोण्या बाजूनं होती, रशीद?" चाचा गडबडले. "टोकं... नाही पाह्यली. पन होता!" मग नाना सगळ्यांसमोर माझ्याकडे वळले. मी म्हटलं, "आज चंद्र सूर्याच्या आधीच मावळला, नाना."

"आता पोट्टी ईद ठरवन काय?" मागून कोणीतरी म्हणालं. अब्बांनी मान खाली घातली.

"ईद थे नाही ठरवत," नाना म्हणाले. "चांद आपल्याच डोयानं पाहाचा. पन जो मावळून गेला थो दिसन कसा? आन् हा हिसाब कोनाचा हाय? ज्यानं चांद बनवला, त्याचाच." मग चाचांच्या खांद्यावर हात ठेवला. "तू खोटा नाही, बाप्पा. ईदची घाई तं मलेही होते."

दुसऱ्या दिवशीही रोजा झाला. संध्याकाळी रेघेच्या वर चांद स्वच्छ उभा होता. अब्बा बराच वेळ रेघेकडे पाहत राहिले. ईद झाल्यावर एका सकाळी त्यांनी गाडी काढली. "चाल, कॉलेजची बस चुकन," एवढंच म्हणाले. त्या छतावर नानांनी माझं कॉलेज वाचवलं, हे मला फार उशिरा कळलं...

नाना गेल्यानंतरचा पहिला महिना संपला तेव्हा मी वर जाणारच नव्हते. छतावरून रशीद चाचांची हाक आली, "अवं, काहून बसली घरात? आमी पाहाचं कुठं?" कठड्यावरची जुनी रेघ पुसट झाली होती. जिन्याजवळच्या कोनाड्यातला नानांचा खडू घेतला आणि शेजारी नवी ओढली. मागे अब्बा उभे होते. सगळे नव्या रेघेवरून वर पाहू लागले. मग चाचांचाच आवाज आला, "थो पाहा!" आणि लगेच माझ्याकडे वळून, हळूच, "थोच हाय ना व?"

"हो चाचा. तोच."

दुआसाठी हात वर केले, तेव्हा माझ्या बोटांना नानांचा खडू लागलेला होता.